पिंपातून बाटल्या किती निघतील? व्हिस्कीच्या कास्कचा उतारा काढण्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा: स्कॉटलंडमधल्या बाँडेड गोदामात (जिथे शुल्क न भरता माल ठेवता येतो) सिंगल माल्टचं, म्हणजे एकाच डिस्टिलरीच्या माल्ट व्हिस्कीचं, १२ वर्षांचं हॉग्सहेड (एका आकाराचं ओकचं पिंप) पडून आहे. भरताना २५० लिटर, ६३.५ टक्के अल्कोहोल. विकणारा म्हणतो यातून ३५७ बाटल्या निघतील. हा आकडा खरा धरावा का, आणि आणखी सहा वर्षं थांबलं तर किती बाटल्या उरतील?

आधी ३५७ कुठून आले ते पाहू. २५० ला ०.७ ने भागा, ३५७ येतात. म्हणजे पिंप आजही काठोकाठ भरलेलं आहे, बारा वर्षांत थेंबही उडालेला नाही आणि शेवटचा थेंबही बाटलीत उतरणार आहे, असं धरून केलेला हा भागाकार आहे. यातलं एकही गृहीतक खरं नाही. गंमत अशी की तुम्ही ४६ टक्क्यांवर बाटल्या भरणार असाल, तर खालच्या उदाहरणात उत्तर ३५७ च्या जवळच येतं. तो निव्वळ योगायोग आहे. उडालेल्या मालाची भरपाई वरून घातलेल्या पाण्याने केली, म्हणून ते जुळलं. कास्क स्ट्रेंथला, म्हणजे पाणी न घालता पिंपातल्याच तीव्रतेला, भरायचं ठरवलंत तर तोच ३५७ चा आकडा तुम्हाला पाऊणशे बाटल्यांनी खड्ड्यात घालेल.

म्हणून लिटर मोजत बसू नका, अल्कोहोल मोजा. पिंपातल्या द्रवाचं आकारमान बदलतं, त्याची तीव्रता बदलते आणि शेवटी तुम्ही पाणी घालून दोन्ही पुन्हा बदलता. या सगळ्यात धरून ठेवता येईल असा एकच आकडा आहे, तो म्हणजे शुद्ध अल्कोहोलचे लिटर. स्कॉटलंडमधली गोदामंही हिशेब त्यातच ठेवतात. कागदावर तीन गोष्टी दिसतील. भरताना मोजलेलं अल्कोहोल म्हणजे ओएलए. पुन्हा मोजणी केल्यावर सापडलेलं अल्कोहोल म्हणजे आरएलए. आणि पिंपात प्रत्यक्ष असलेला द्रव म्हणजे बल्क लिटर. तुमच्या पिंपाचं ओएलए २५० गुणिले ०.६३५, म्हणजे १५८.७५ लिटर. हा आकडा बारा वर्षांपूर्वीचा आहे. आजच्या बाटल्या त्याच्यावरून काढता येत नाहीत. विक्रीच्या कागदावर फक्त ओएलए असेल आणि आरएलएच्या जागी रेघ असेल, तर पुढे वाचायच्या आधी ताजं रीगेज (पिंपाची पुन्हा केलेली मोजणी) मागा, आणि ते कोणत्या तारखेचं आहे तेही पाहा. पाच वर्षांपूर्वीचं रीगेज हे अर्धंच उत्तर आहे.

फार जुन्या पिंपांच्या नोंदी प्रूफ गॅलनमध्ये सापडतात, कारण ब्रिटनने टक्केवारीची पद्धत १९८० पासून धरली. ब्रिटिश १०० प्रूफ म्हणजे ५७.१५ टक्के, आणि एक ब्रिटिश प्रूफ गॅलन म्हणजे सुमारे २.६ लिटर शुद्ध अल्कोहोल. अमेरिकन प्रूफ गॅलन वेगळा, तो १.८९ लिटरचा. या दोन्हींत गल्लत केली की हिशेब चौथ्या हिश्शाहून जास्त चुकतो.

आता मूळ सूत्र. एका बाटलीत किती शुद्ध अल्कोहोल जाणार ते काढा: बाटलीचे लिटर गुणिले बाटलीवरची टक्केवारी. ७० सेंटिलिटरच्या बाटलीसाठी ४० टक्क्यांना ०.२८० लिटर, ४३ ला ०.३०१, ४६ ला ०.३२२ आणि ५० ला ०.३५०. आरएलएमधून बाटलीबंदीची घट (बाटल्या भरताना वाया जाणारा माल) वजा करा आणि उरलेल्याला या आकड्याने भागा. अपूर्णांक सोडून द्या, अर्धी बाटली विकता येत नाही.

तुमच्या पिंपाचं रीगेज समजा असं आलं: २०४ बल्क लिटर, ५८.४ टक्के. आरएलए झालं ११९.१. बाटलीबंदीची घट ३ टक्के धरू (ती का, ते पुढे येतं). हाती उरलं ११५.५६ लिटर शुद्ध अल्कोहोल.

कास्क स्ट्रेंथ, ५८.४ टक्के: २८२ बाटल्या.
४६ टक्के: ३५८ बाटल्या.
४३ टक्के: ३८३ बाटल्या.
४० टक्के: ४१२ बाटल्या.

अमेरिकेसाठी ७५० मिलिलिटरच्या बाटल्या भरायच्या असतील तर ४६ टक्क्यांना दर बाटली ०.३४५ लिटर अल्कोहोल लागतं आणि ३३४ बाटल्या निघतात. (तिथे डिसेंबर २०२० च्या नियमबदलानंतर ७०० मिलिलिटरही चालतं, त्यामुळे वेगळी बाटली घेण्याची सक्ती आता राहिलेली नाही.)

भागाकार कुणालाही जमतो. चूक होते ती रीगेजच्या दोन आकड्यांत. २०४ आणि ५८.४ हे आकडे कसे आले ते विचारल्याशिवाय पुढचं सगळं वाऱ्यावर आहे.

आकारमान मोजायच्या दोन रीती आहेत. पहिली डिप रॉडची. पिंप आडवं, बूच बरोबर वरच्या बाजूला बाराच्या काट्यावर, दोन्ही तोंडं (टोकांच्या चकत्या) एका पातळीत. बूच काढून खुणा असलेली काठी उभी सरळ तळापर्यंत सोडायची, ओल्या भागाची उंची वाचायची, आणि पिंपाच्या मापावरून तक्त्यात लिटर शोधायचे. अडचण पिंपाच्या आकारातच आहे. आडव्या पिंपात पोट सर्वांत रुंद मध्यावर असतं, म्हणून मध्याजवळचा एक सेंटिमीटर सर्वांत महाग. हॉग्सहेडमध्ये तिथे एका सेंटिमीटरला जवळपास ५ लिटर बसतात. काठी तिरकी गेली, बूच थोडं कलतं राहिलं किंवा पिंप एका बाजूला झुकलेलं असलं आणि वाचन एका सेंटिमीटरने हुकलं, की कास्क स्ट्रेंथला सात बाटल्या आणि ४६ टक्क्यांना नऊ बाटल्या कागदावरच वाढतात किंवा गायब होतात. रॅकवरच्या पिंपांच्या दाटीत, जिथे वर वीतभरच जागा असते, तिथे काठीचं माप नेहमी थोड्या संशयाने घ्यावं.

दुसरी रीत वजनाची. भरलेलं पिंप काट्यावर, त्यातून रिकाम्या पिंपाचं वजन वजा, उरलेल्याला घनतेने भागायचं. ५८.४ टक्क्यांच्या स्पिरिटची घनता २० अंशांना सुमारे ०.९१२५ किलो प्रति लिटर, म्हणजे २०४ लिटरचं वजन १८६ किलोच्या जरा वर. माझ्या मते काठीपेक्षा ही रीत बरी, पण तिचा सापळा रिकाम्या वजनात आहे. पिंपाच्या तोंडावर रंगवलेलं किंवा नोंदवहीत लिहिलेलं वजन बहुधा कोरड्या लाकडाचं असतं. बारा वर्षांत फळ्यांनी स्पिरिट पिऊन घेतलेलं असतं. ते लाकडात ५ किलोने जास्त भरलं तर हिशेबात साडेपाच लिटर व्हिस्की जास्त दिसते. ती आहे खरी, पण फळ्यांत आहे, बाटलीत येणार नाही. शिवाय एखादी फळी बदललेली असेल, तोंडं नवी बसवलेली असतील, तर जुनं वजन निरुपयोगी.

दोन्ही रीतींनी मोजून आकडे तीन-चार लिटरच्या आत जुळले तर समाधान मानावं. त्याहून अचूक मोजमाप पिंप ओतल्याशिवाय होत नाही.

'हॉग्सहेड म्हणजे २५० लिटर' हेही ढोबळच. बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) २०० लिटरच्या बॅरलच्या फळ्या सोडवून, थोड्या जास्त फळ्या आणि नवी तोंडं लावून स्कॉटलंडमध्ये ही पिंपं पुन्हा बांधतात. हाताने बांधलेलं काम, त्यामुळे २२५ ते २५० असा पल्ला सहज असतो. शेरीचं (स्पॅनिश वाइनचं) बट आणि पंचन ही पिंपं ५०० च्या आसपास, क्वार्टर कास्क १२५, ऑक्टेव्ह ५० च्या पुढेमागे. नावावरून आकारमान धरू नका. भरतानाचे बल्क लिटर कागदावर असतात, ते घ्या.

तीव्रतेचं माप दिसायला सोपं, पण जास्त फसवणारं. नमुना काढायला व्हॅलिंच नावाची लांब नळी वापरतात, बुचातून घालून वरचं टोक अंगठ्याने दाबून उचलायची. नमुना द्रवाच्या मध्यातून घ्या, आतून जाळलेल्या फळ्यांचा तळाशी बसलेला कोळशाचा गाळ नळीत येता कामा नये. मग तापमान. अल्कोहोलचे सगळे तक्ते २० अंश सेल्सिअसचे आहेत आणि स्कॉटलंडचं गोदाम वर्षातला बराच काळ त्याच्या खूप खाली असतं. ६० टक्क्यांच्या आसपासचं स्पिरिट एका अंशाने थंड झालं की हायड्रोमीटर जवळपास ०.३७ टक्क्यांनी कमी वाचतो. १२ अंशांवर वाचलेलं ५५.४ हे प्रत्यक्षात ५८.४ असतं. कुणी दुरुस्ती न करता ५५.४ लिहिलं तर ४६ टक्क्यांच्या १८ बाटल्या कागदावरून नाहीशा होतात. उलटही घडतं: नमुना उबदार खोलीत आणला, २४-२५ अंशांवर वाचला आणि आकडा तसाच उतरवला, तर पिंप आहे त्याहून श्रीमंत दिसतं. आकारमानालाही हाच नियम, पण फरक किरकोळ: आठ अंशांना ०.७ टक्के, म्हणजे २०४ लिटरवर दीड लिटरहून कमी.

दुसरी बाब लाकडाची. हायड्रोमीटर काय किंवा डिजिटल घनतामापक काय, दोन्ही घनताच मोजतात. लाकडातून उतरलेले घन पदार्थ घनता वाढवतात, म्हणून वाचन खऱ्या तीव्रतेपेक्षा काही दशांश टक्क्यांनी कमी येतं. बर्बनच्या वापरलेल्या पिंपात हे दुर्लक्षिण्यासारखं, पण शेरीनंतर पहिल्यांदाच व्हिस्की भरलेल्या बटमध्ये, पंचवीस वर्षांच्या काळ्याभोर मालात, नाही. तिथे प्रयोगशाळेत नमुना ऊर्ध्वपातित करून पुन्हा तेवढ्याच आकारमानाला आणून मोजतात. बाटलीवर छापायची टक्केवारी खरी असावी लागते आणि तिला ०.३ टक्क्यांपर्यंतच सूट आहे, त्यामुळे हा खर्च टाळू नये.

आता सहा वर्षांचा प्रश्न. सगळे 'दरवर्षी २ टक्के' म्हणतात. ब्रिटिश महसूल खातंही साधारण तेवढी घट स्वाभाविक धरतं, म्हणून हा आकडा सर्वतोमुखी झाला. काही माहीत नसताना तो धरायला हरकत नाही, पण तुमच्या पिंपाचा स्वतःचा दर कागदांत लपलेला असतो. त्यासाठी दोन रीगेज हवेत. भरतानाचा आकडा शक्यतो त्यात घेऊ नका, कारण पहिल्या वर्ष-दोन वर्षांत कोरडं लाकूडच काही टक्के माल पिऊन टाकतं आणि तो खड्डा पुढच्या दरात मिसळतो.

समजा आठव्या वर्षीचं रीगेज २१६ लिटर, ६०.२ टक्के, म्हणजे आरएलए १३०. बाराव्या वर्षी ११९.१. चार वर्षांत उरला ०.९१६ हिस्सा. त्याचं चौथं मूळ घेतलं की वर्षाला २.२ टक्क्यांची घट मिळते. भरल्यापासून आठव्या वर्षापर्यंत काढलंत तर ती २.५ च्या जवळ येते. तो सुरुवातीच्या पिण्याचा परिणाम. तीव्रता चार वर्षांत १.८ ने उतरली, म्हणजे वर्षाला ०.४५.

हाच वेग पुढे धरला तर अठराव्या वर्षी ११९.१ गुणिले ०.९७८ चा सहावा घात, म्हणजे १०४.२ लिटर अल्कोहोल. तीव्रता ५५.७. द्रव १८७ लिटर. तीच ३ टक्के घट धरून कास्क स्ट्रेंथला २५९ बाटल्या आणि ४६ टक्क्यांना ३१३.

इथे थांबून बघा. कास्क स्ट्रेंथला सहा वर्षांत २३ बाटल्या गेल्या, ४६ टक्क्यांना ४५. पिंप तेच, उडालेलं अल्कोहोल तेवढंच. फरक यासाठी की कास्क स्ट्रेंथची बाटलीही दरम्यान फिकी झाली, तिच्यात पूर्वीपेक्षा कमी अल्कोहोल जातं, म्हणून संख्या टिकून राहिल्यासारखी दिसते. थांबण्याचा खरा खर्च ४६ टक्क्यांच्या रांगेत दिसतो. वाट पाहायची की नाही हे ठरवताना त्याच रांगेकडे बघा.

हे भाकीत गोदाम बदललं नाही तरच खरं. ओकमधून पाणी आणि अल्कोहोल दोन्ही बाहेर पडतात. हवा दमट असेल तर पाण्याला बाहेर जायला वाव कमी, अल्कोहोल मात्र जातच राहतं, म्हणून स्कॉटलंडमध्ये तीव्रता उतरते. उष्ण आणि कोरड्या हवेत पाणी जास्त जातं आणि तीव्रता चढते, जशी केंटकीच्या गोदामांत वरच्या मजल्यांवर चढते. मातीची जमीन आणि जाड दगडी भिंती असलेल्या डनेज गोदामात, जिथे पिंपं दोन-तीन थरांतच रचतात, आकारमान टिकतं आणि टक्केवारी जास्त पडते. उंच रॅकच्या वरच्या ओळींत ऊब जास्त, तिथे आकारमान पडतं आणि टक्केवारी टिकते. पॅलेटवर उभी ठेवलेली पिंपं तोंडाच्या फळ्यांतून झिरपू शकतात. उभ्या पिंपाचं वरचं तोंड कोरडं पडलं की सांधे सैल होतात.

पिंपाचा आकारही मोजावा लागतो. घडण तीच ठेवून आकारमान कमी केलं की दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग वाढतो. ५०० लिटरच्या बटच्या तुलनेत १२५ लिटरच्या क्वार्टर कास्कमध्ये तो १.६ पट, आणि हॉग्सहेडच्या तुलनेत ५० लिटरच्या ऑक्टेव्हमध्ये १.७ पट. लहान पिंपाला २ टक्क्यांचा सरसकट आकडा लावणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

दोन रीगेज शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट कळते, ती फार थोडे लोक बघतात. बाष्पीभवनात आकारमान आणि तीव्रता दोन्ही हलतात. गळतीत फक्त आकारमान जातं, कारण गळणारा थेंब आतल्या द्रवाइतकाच तीव्र असतो. म्हणून आरएलए एकदम १५ लिटरनी खाली आलं आणि टक्केवारी मात्र नेहमीच्याच चालीने उतरली असेल, तर देवदूतांच्या वाट्याला (बाष्पीभवनात उडणाऱ्या मालाला असं म्हणतात) दोष देऊ नका, फळी तपासायला सांगा: ओला डाग, बुचाभोवतीचा चिकटपणा, लोखंडी पट्टा सरकल्याची खूण. उलट टक्केवारी नेहमीपेक्षा जास्त पडली आणि लिटर तेवढेच राहिले, तर आधी तापमानाची दुरुस्ती झाली होती का ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

शेवटची काही वर्षं शेरी बटमध्ये काढायची कल्पना असेल तर उतारा नव्याने मोजा. माल ओतताना जुन्या लाकडातला वाटा मागेच राहतो, आणि नवं पिंप कोरडं असेल तर तेही आपला वाटा घेतं. त्यात २०० लिटर माल ५०० लिटरच्या बटमध्ये घातला तर अर्ध्याहून अधिक पिंप हवेचं. पृष्ठभाग मोठा, द्रव थोडा, घट वेगाने. तेवढ्यासाठी २५० लिटरचंच शेरी हॉग्सहेड शोधणं शहाणपणाचं.

पंचवीस-तीस वर्षांच्या पिंपाबाबत प्रश्न बाटल्यांच्या संख्येचा राहत नाही, ४० टक्क्यांच्या उंबरठ्याचा होतो. स्कॉच व्हिस्की रेग्युलेशन्स २००९ नुसार बाटलीत किमान ४० टक्के हवेत. पिंप ४१.२ वर आहे आणि वर्षाला ०.४ उतरतंय, म्हणजे हाती तीन वर्षं. मोजमापातली चूक आणि उतरण्याचा वेग वाढण्याची शक्यता धरली तर दोनच. ४० च्या खाली गेलं की त्या पिंपाची स्कॉच म्हणून एकही बाटली निघत नाही. चांगल्या लाकडात हलवल्याने तीव्रता वाढत नाही आणि बाहेरून तटस्थ अल्कोहोल घालायला मनाई आहे. ४० च्या वर असेपर्यंत त्याच डिस्टिलरीच्या जास्त तीव्र पिंपात मिसळता येतं, सिंगल माल्टही राहतं, पण सिंगल कास्क (एकाच पिंपातला माल) राहत नाही आणि वय दोघांतल्या कमी वयाच्या पिंपाचं लागतं. ४२ टक्के दिसलं की दर सहा महिन्यांनी नमुना घ्यावा, आणि ४१ ला निर्णय झालेला असावा.

आता ती ३ टक्क्यांची घट. २०४ लिटरच्या पिंपात ती साधारण सहा लिटर होते. पिंप ओतल्यावर तळाच्या कोळशाच्या कणांसोबत आणि फळ्यांना चिकटून दोनेक लिटर राहतात. पाइप, पंप आणि फिल्टर मिळून दोन-तीन लिटर अडवतात. राहिलेलं नमुन्यांत आणि बाटल्या जरा जास्त भरण्यात जातं. पाइप-फिल्टरची घट पिंपाच्या आकाराबरोबर कमी होत नाही, म्हणून ५० लिटरच्या ऑक्टेव्हला ३ टक्के धरू नका, ७-८ टक्के धरा. ४६ टक्क्यांच्या खाली भरायचं तर थंडीत गढुळता येऊ नये म्हणून बहुधा चिल फिल्टरेशन करतात, आणि त्यात थोडा माल आणखी जातो. ४६ टक्क्यांना इतकी मागणी असण्यामागे हेही एक कारण आहे: त्या तीव्रतेला गढुळता सहसा येत नाही, फिल्टर टाळता येतो.

बाटली भरण्याच्या जागी नजर ठेवायची ती दोन गोष्टींवर. प्रत्येक बाटलीत ३ मिलिलिटर जास्त गेले तर २८२ बाटल्यांत साडेआठशे मिलिलिटर, म्हणजे सव्वा बाटली. माल थंड असताना ७०० मिलिलिटर मोजून भरला तर २० अंशांना तो त्याहून जास्त होतो, हाही त्यातलाच प्रकार. दुसरं, पाणी घालून टक्केवारी आणताना ४६.० ऐवजी ४६.३ वर थांबलं तर दोन बाटल्या गेल्या.

पाण्याच्या हिशेबात नवखे हमखास चुकतात. टाकीत ५८.४ टक्क्यांचे २०० लिटर आहेत आणि ४६ वर आणायचे आहेत. शेवटचं आकारमान २५३.९ लिटर, म्हणून ५३.९ लिटर पाणी, असा हिशेब करतात. पण पाणी आणि अल्कोहोल एकत्र आले की मिश्रण आकसतं, त्यामुळे प्रत्यक्षात जवळपास ५५.७ लिटर पाणी लागतं. बाटल्यांचा भागाकार यामुळे बदलत नाही, कारण तो अल्कोहोलच्या लिटरवर आहे. फक्त पाणी कमी पडून टक्केवारी वर राहते. म्हणून खनिजमुक्त पाण्याचा नव्वद टक्के भाग आधी घालायचा, नीट ढवळून एक दिवस बसू द्यायचं, मोजायचं, आणि उरलेलं थोडंथोडं. पाणी काढून घेता येत नाही.

अनेक वर्षांत घेतलेले नमुनेही हिशेबात धरा. २०० मिलिलिटरचे दहा नमुने म्हणजे तीन बाटल्या. मालकाच्या मित्रमंडळींनी वारंवार चव घेतलेल्या पिंपांचा उतारा अपेक्षेहून कमी निघतो, आणि त्याचा दोषही देवदूतांना जातो.

कराबद्दल एक गोष्ट स्पष्ट असावी. बाँडमधून माल बाहेर काढताना ब्रिटनमध्ये शुल्क शुद्ध अल्कोहोलच्या लिटरवर लागतं. फेब्रुवारी २०२५ पासून तो दर ३२.७९ पौंड होता. त्या दराने ४६ टक्क्यांच्या बाटलीला १०.५६ पौंड आणि ५८.४ च्या बाटलीला १३.४० पौंड. वर २० टक्के व्हॅट. पण संपूर्ण पिंपाचं शुल्क दोन्हींत तेवढंच, ११५.५६ लिटरवर सुमारे ३७८९ पौंड. पाणी घातल्याने शुल्क वाचत नाही, ते जास्त बाटल्यांत विभागलं जातं. जास्त बाटल्यांबरोबर काच, बूच, लेबल आणि खोकी मात्र वाढतात, म्हणून ४० टक्क्यांच्या ४१२ बाटल्या वाटतात तेवढ्या फायद्याच्या नसतात. आणि पिंप घरी नेऊन भरायचा विचार असेल तर तो सोडा: २३ नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावं लागतं.

तर तुमच्या पिंपाबद्दल विक्रेत्याला सांगायचा आकडा: ताज्या रीगेजवर २०४ लिटर आणि ५८.४ टक्के निघाले, तर कास्क स्ट्रेंथला २७५ ते २८५ आणि ४६ टक्क्यांना ३४८ ते ३६२. एकच नेमका आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. काच आणि बूच वरच्या आकड्याहून थोडे जास्त मागवा, कारण ऐनवेळी सहा बाटल्या कमी पडल्या तर सगळी लाइन थांबते. लेबलवर 'एकूण बाटल्या' छापायच्या असतील तर ती जागा रिकामी ठेवा आणि शेवटचं खोकं बंद झाल्यावरच आकडा भरा.